न ऐकलेला भारीट

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यापासून साधारण तीनशे किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात टेनेरीफ नावाचं बेट आहे. स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांपैकी हे सगळ्यात मोठं. समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखींनी ते घडवलं, त्यामुळे कुठल्याही खंडाशी ते कधीच जोडलेलं नव्हतं. मधोमध ३,७१५ मीटर उंचीचा तेइदे हा ज्वालामुखी उभा आहे. बेटाच्या उत्तर अंगाला इकोद दे लोस व्हिनोस नावाचं गाव आहे आणि गावाच्या वरच्या बाजूला एक गुहा आहे. 'कुएव्हा देल व्हिएंतो', म्हणजे वाऱ्याची गुहा.

ही गुहा पाण्याने कोरलेली नाही. लाव्हारस उतारावरून वाहताना त्याची वरची साय थंड होऊन घट्ट होते, आतला रस मात्र वाहतच राहतो. उगमाकडून येणारा रस थांबला की आतला उरलेला रस निघून जातो आणि मागे राहतो दगडी बोगदा. अशा बोगद्यांचं जवळजवळ अठरा किलोमीटर लांबीचं जाळं इथे आहे. सुमारे २७ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातून ते तयार झालं. अधूनमधून छत कोसळून त्याला भोकं पडली. वरच्या जंगलात चालता-फिरता जो प्राणी त्या भोकात पडला, त्याला वर येण्याची वाट नव्हती. आत अंधार, कोरडेपणा, शांतता. हाडं टिकायला याहून बरी जागा नाही.

या गुहेत एका पाखराची हाडं सापडली. १९९९ साली हुआन कार्लोस रांदो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'द काँडर' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव ठेवलं एम्बेरिझा आल्कोव्हेरी. बेटांवरच्या नामशेष प्राण्यांचा अभ्यास करणारे मायोर्का बेटावरचे संशोधक जोसेप आंतोनी आल्कोव्हर यांच्यावरून हे नाव. आडनाव म्हणजे एम्बेरिझा मात्र आपल्या ओळखीचं आहे. मराठीत याला आपण भारीट म्हणतो.

भारीट तुम्ही पाहिला असेल. नावाने ओळखत नसाल, पण पाहिला असेल. ज्वारी दाण्यावर आली की पुणे-सोलापूर पट्ट्यात, मराठवाड्यात शेतांवर पिवळ्या पोटाच्या, चिमणीपेक्षा जराशा थोराड पाखरांचे थवे उतरतात. नराचं डोकं काळं. म्हणून हा काळ्या डोक्याचा भारीट. मचाणावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याच्या शिव्या खातात, एका रानातून उठतात आणि दुसऱ्यात बसतात. हे आपल्याकडचे पाहुणे. त्यांची वीण होते ती बाल्कन देशांपासून तुर्कस्तान, इराणपर्यंतच्या मुलखात. पंचवीस-तीस ग्रॅमचा हा जीव दरवर्षी काही हजार किलोमीटर उडून येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तितकाच परत जातो.

आणि याच कुळातला टेनेरीफचा भारीट? त्याला उडताच येत नव्हतं!

हाडांवरून हे कसं कळतं, असा प्रश्न साहजिक आहे. पक्ष्याच्या छातीच्या हाडाला मधोमध नावेच्या तळासारखी एक उभी धार असते. उडण्याचे स्नायू तिला धरून असतात. धार खोल, तर स्नायू दांडगे. उडणं सुटलं की ती उथळ होत जाते. पंखांची हाडं आणि पायांची हाडं यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाणही बोलतं. या भारिटाचे पंख आखूड, पाय चांगलेच लांब आणि चोच इतर भारिटांपेक्षा वेगळ्या घडणीची. म्हणजे हा जमिनीवर राहणारा, पालापाचोळ्यातून पळणारा, दाणे टिपणारा पक्षी. त्याचे पूर्वज कधीतरी उडतच बेटावर आले असणार, दुसरा रस्ताच नव्हता. पण इथे मुंगूस नाही, कोल्हा नाही, रानमांजर नाही. पंख पोसायला खर्च फार येतो. पिढ्यानपिढ्या गरज पडली नाही तर निसर्ग तो खर्च कमी करत जातो.

बेटावर येऊन उडणं सोडणारे पक्षी पुष्कळ आहेत. मॉरिशसचा डोडो हा मूळचा पारव्याच्या कुळातला. पाणकोंबड्यांच्या जातभाईंनी तर बेटोबेटी हे केलं. पण चिमणी, बुलबुल, दयाळ यांचा जो मोठा गण आहे, ज्यात जगातल्या निम्म्याहून जास्त पक्षिजाती येतात, त्यात न उडणारी एकही जात आज जिवंत नाही. पूर्वी होत्या त्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. न्यूझीलंडमधले काही रेनसारखे छोटे पक्षी आणि हा टेनेरीफचा भारीट. त्यातही न्यूझीलंडचे ते पक्षी या गणाच्या फार जुन्या, वेगळ्या फांदीवरचे आहेत. ज्यांना काटेकोर अर्थाने गाणारे पक्षी म्हणतात त्यांच्यात न उडणारा म्हणून आपल्याला माहीत आहे तो हा एकटाच.

न्यूझीलंडच्या त्या पक्ष्यांपैकी एकाला निदान माणसाने जिवंत पाहिलं. कुकच्या सामुद्रधुनीजवळ स्टीफन्स नावाचं छोटं बेट आहे. १८९४ साली तिथे दीपगृह सुरू झालं. दीपगृहावरच्या मांजराने मारून आणलेली काही पाखरं डेव्हिड लायल या मदतनिसाने जपून ठेवली आणि ती संग्राहकांपर्यंत पोचली. विलायतेतल्या वॉल्टर रॉथ्सचाइल्डने त्याच्याच नावावरून पक्ष्याला लायली असं नाव दिलं. हे पाखरू संधिप्रकाशात खडकांमधून उंदरासारखं पळे, असं लायलने सांगून ठेवलंय. एका मांजराने अख्खी जात संपवली ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २००४ साली दोन संशोधकांनी जुने कागद तपासून दाखवलं की मांजर एक नव्हतं, बेटावर मांजरांची पैदास झाली होती. निकाल तोच. काही वर्षांत पाखरू संपलं.

पण 'उंदरासारखं पळे' एवढे दोन शब्द तरी मागे राहिले. टेनेरीफच्या भारिटाबद्दल तेही नाहीत. त्याचा रंग सांगणारं कुणी नाही, चित्र नाही, कातडं नाही. आहेत ती हाडं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की राहिलं काय? रंगच ना? मला वाटतं, रंग ही त्यातली लहान गोष्ट. खरं राहिलं ते गाणं.

पक्ष्याचा आवाज निघतो तो श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या एका नाजूक अवयवातून. तो बहुतांश कूर्चेचा आणि पातळ पडद्यांचा. तो सहसा मातीत टिकत नाही. समजा टिकला, तरी त्यावरून गाणं कळणार नाही. पेटी सापडली म्हणून तिच्यावर कोणता राग वाजत होता हे थोडंच कळतं?

आणि गंमत अशी की गाणाऱ्या पक्ष्यांचं गाणं त्यांच्या अंगात जन्मतः पूर्ण तयार नसतं. ते शिकावं लागतं. १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्लं मोठ्या पक्ष्यांचा आवाज कानावर पडू न देता वाढवली. ती मोठी झाली, गाऊ लागली, पण त्यांचं गाणं वेडंवाकडं, अर्धवट निघालं. चॅफिंचसारखं सुरू होई आणि चॅफिंचचं होत नसे. पिल्लू आधी ऐकतं, मनात साठवतं, मग महिन्यांनी स्वतःचा आवाज लावून बघतं, चुकतं, पुन्हा लावतं. गाणं हे आईबापांकडून रक्तात येतं त्याहून जास्त कानातून येतं.

जे कानातून येतं त्याला बोली फुटते. भारिटाच्याच कुळात याचं उत्तम उदाहरण आहे. युरोपातल्या गव्हा-जवाच्या शेतांतून राहणारा एक मातकट रंगाचा भारीट आहे. तो कॅनरी बेटांवरही आहे, आजही. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळावा तसं त्याचं गाणं. एका गावाच्या शिवारातले नर एका चालीत गातात, चार-सहा किलोमीटरवर चाल बदलते. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, यांची त्याहून लवकर!

आता टेनेरीफच्या त्या भारिटाकडे या बाजूने बघा. तो गात असणार, कारण त्याचं सगळं कूळ गातं. त्याला ते गाणं बापाने किंवा शेजाऱ्याने शिकवलं असणार. हजारो वर्षं एका कानातून दुसऱ्या कानात गेलेली ती परंपरा होती. बेटाच्या या दरीत एक चाल, त्या दरीत दुसरी, असंही असेल. उडता न येणाऱ्याला दऱ्या ओलांडणं काही सोपं नाही. मग एक दिवस शेवटचा नर गायला आणि त्याचं ऐकून शिकणारं पिल्लू नव्हतं. जात संपली त्याच्या थोडं आधीच गाणं संपलं असणार. शिकवणारे विरळ झाले की असंच होतं.

हा माझा कल्पनाविलास नाही. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा मध खाणारा सुंदर पक्षी आहे. जंगलं तुटली आणि तो काही शेकड्यांवर आला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं की त्याच्या साधारण १२ टक्के नरांना स्वतःच्या जातीचं गाणंच येत नाही. आसपास आपल्यातला कुणी मोठा नर नाही, म्हणून ते दुसऱ्याच जातींच्या पक्ष्यांची गाणी उचलतात. ती ऐकून माद्या कमी येतात. पक्षी जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि आपली भाषा विसरला आहे. पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लांना आता जुन्या ध्वनिफिती ऐकवून गाणं शिकवायचे प्रयत्न चालू आहेत. ध्वनिफिती होत्या म्हणून हे शक्य झालं.

टेनेरीफवर हेच माणसांच्या बाबतीतही झालं. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत उत्तर आफ्रिकेतून बर्बर लोक या बेटांवर येऊन राहिले. टेनेरीफवरच्या लोकांना ग्वांचे म्हणतात. शेळ्या-मेंढ्या, डुकरं, कुत्री आणि जव त्यांनी सोबत आणले, न बोलावलेले उंदीरही आले. बेटावर धातू नाही, म्हणून त्यांची हत्यारं दगडाची आणि लाकडाची. मृतांना ते मसाले लावून, कातड्यात गुंडाळून गुहांमध्ये ठेवत. १४०२ पासून युरोपीय लोकांनी एकेक बेट घ्यायला सुरुवात केली. टेनेरीफ सगळ्यात शेवटी पडलं. १४९४ साली आसेंतेखोच्या दरीत ग्वांच्यांनी आलोन्सो फेर्नांदेस दे लुगोच्या सैन्याची धूळधाण केली, पण १४९६ पर्यंत सगळं आटोपलं. कुणी लढाईत गेले, कुणी रोगराईत, कुणी गुलाम म्हणून विकले गेले. उरलेले स्पॅनिश झाले. त्यांचा वंश संपला नाही, आजच्या टेनेरीफकरांच्या रक्तात तो आहे. भाषा मात्र संपली. काही गावांची नावं, काही शब्द, स्पॅनिश लोकांनी टिपून ठेवलेली एखाद-दोन वाक्यं... बस्स. सांताक्रूझच्या संग्रहालयात ग्वांचे ममी आहेत. चेहरा दिसतो, केस दिसतात. तोंडातले शब्द नाहीत.

भारिटाच्या मरणाचं पाप ग्वांच्यांच्या माथी मारायचं का? माझा हात तिथे थबकतो. त्यांनी हा पक्षी शोधून शोधून मारला असेल असं वाटत नाही, या चिमुकल्या जिवात मांस ते किती! पण ज्या पाखराला उडता येत नाही आणि जे जमिनीवर घरटं करतं, त्याला माणूस लागतच नाही. माणसाबरोबर जे येतं ते पुरतं. उंदीर, मांजर, डुक्कर, आणि जंगलाचं झुडूप खाऊन टाकणारी शेळी. याच बेटावर किलोभर वजनाचा राक्षसी उंदीर होता, मीटरभर लांबीची पाल होती, हाडांवरूनच कळलेला आणि २०१० साली वर्णन झालेला बारीक चोचीचा एक फिंच होता. माणूस आल्यानंतरच्या काळात हे सगळं हळूहळू ओसरलं. यात कुणी एक खलनायक नाही. पोटासाठी होडीतून आलेली माणसं होती. इतिहासातल्या बऱ्याच नुकसानांचं असंच असतं. ज्यांच्या हातून झालं त्यांना ते कळलंही नाही.

याच १९९९ सालातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. टेनेरीफशेजारी ला गोमेरा हे छोटं बेट आहे. तिथल्या एका मोठ्या पालीची ओळख शास्त्रज्ञांना हाडांवरून झाली होती आणि ती नामशेष झाली असं धरलं होतं. ती १९९९ साली उभ्या कड्यावर जिवंत सापडली. शोधणारे कोण? हेच हुआन कार्लोस रांदो. एकाच वर्षी एका माणसाने मेलेल्या पक्ष्याला नाव दिलं आणि मेलेली मानलेली पाल जिवंत शोधली! माणूस आणि मांजर दोघांनाही सहज चढता येणार नाही अशा कड्याने तिला वाचवलं होतं. भारिटाला असा कडा मिळाला नाही.

आणि त्याच ला गोमेरावर १९९९ पासून शाळेतल्या मुलांना शिट्टी शिकवतात. खरंच, शिट्टी. 'सिल्बो' नावाची शिट्टीची भाषा तिथे आहे. खोल दऱ्यांच्या या काठावरून त्या काठावर निरोप द्यायला धनगर ती वापरत. आवाज काही किलोमीटर जातो. दोन प्रकारच्या शिट्ट्या स्वरांसाठी, चार व्यंजनांसाठी, आणि त्यातून पूर्ण वाक्यं. ही शिट्टी मुळात बेटावरच्या जुन्या रहिवाशांची असं मानतात. आज ती शिट्टी स्पॅनिश बोलते. रस्ते झाले, फोन आले, शिट्टीची गरज संपत आली, तेव्हा लोकांनी ती शाळेत नेली. २००९ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात घेतलं. मूळ शब्द गेले, पण शिट्टी टिकली, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी ती पुढच्याला शिकवली.

मला हे वाचताना आमच्या घरातलं जातं आठवत राहिलं. पणजीचं. दगड शाबूत आहे, खुंटा मात्र नवा बसवलेला. तिला मी पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच ती गेली. ती पहाटे दळायची आणि दळताना गायची एवढं घरात सगळे सांगतात. काय गायची ते कुणाला येत नाही. पिठाची गिरणी गावात आली आणि ओव्यांना गळा राहिला नाही. यात दोष कुणाचा? गिरणीने बायकांच्या खांद्यांची हाडं वाचवली, ती आलीच पाहिजे होती. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, म्हणून तेवढ्या तरी उरल्या. बाकीच्यांचं जातं उरलं. गुहेतल्या हाडांसारखं.

टिकाऊ वस्तू मागे राहतात आणि त्यांच्यावरून आपण इतिहास लिहितो: हाड, दगड, मडकं, नाणं. पण जगणाऱ्याला स्वतःची ओळख वाटत असते ती बहुधा न टिकणाऱ्या गोष्टींत. बोलण्यात, गाण्यात, हाक मारण्याच्या पद्धतीत. त्या गोष्टी टिकायला वस्तू लागत नाही, ऐकणारं माणूस लागतं. किंवा ऐकणारं पिल्लू.

आता पुन्हा आपल्या शेतातल्या भारिटांबद्दल एक सांगतो आणि थांबतो. त्यांचं खरं गाणं आपण सहसा ऐकत नाही. विणीच्या दिवसांत तिकडे, झुडपाच्या शेंड्यावर बसून नर ते गातो. आपल्याकडे थव्यात नुसती चिवचिव चालते. पण गाणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांत पिल्लू पहिल्या उन्हाळ्यात गाणं ऐकून ठेवतं आणि स्वतः गातं ते पुढच्या वसंतात. मधला हिवाळा गाणं नुसतं आठवणीत असतं. भारिटाचंही तसंच असेल, तर डिसेंबरात ज्वारीच्या कणसावर बसलेल्या त्या थव्यात अशी कितीतरी पाखरं असणार की ज्यांनी बापाचं गाणं ऐकलंय आणि अजून एकदाही गायलेलं नाही. ती परत पोचली तर गातील.

चार दाणे खाल्ले तर खाऊ द्यावेत, असं शेतकऱ्याला सांगायचा मला अधिकार नाही. पण गोफणीच्या आवाजाने थवा उठतो तेव्हा हे मनात येतं खरं.